बंद खदानीचं काय करायचं

३ फेब्रु. १९५८
साहेबांनी बोलावलं. नळदुर्गच्या रस्त्यासाठी दगड काढलेली खदान बंद होऊन चार वर्षं झाली. जागा सरकारी, पडून आहे. तिचं काय करता येईल, अहवाल द्या म्हणाले. "आणि गिरदावर, मराठीत लिहा. मागल्या वेळी निम्मी उर्दूच होती." निजामाच्या काळापासून सोळा वर्षं जमीनमोजणीच्या दफ्तरात उर्दूच लिहिली. आता चाळिशीत शुद्धलेखन. ही वही त्याच सरावाची.

५ फेब्रु.
खदानीवर. साखळी टाकून माप घेतलं. मधे खड्डा, त्यात पाणी. दक्षिणेला चुऱ्याचे ढीग, गवतसुद्धा नाही. उत्तरेच्या सपाटीवर वडारांच्या अकरा झोपड्या. दगड फोडायला आणलेली माणसं. काम गेलं, ही राहिली. आता पाटे-वरवंटे घडवून बाजारात विकतात.
यल्लव्वा म्हणून एक म्हातारी पुढं आली. "उठवाया आलाव का साहेब?"
म्हटलं, नाही, मोजायला.
"मोजून झालं की उठवत्यात."
तिचा नवरा इथंच गेला. सुरुंग उशिरा उडाला. तो पडला त्या जागी तिनं चूल मांडली आहे. भाकरी थापता थापता सांगितलं.

८ फेब्रु.
पाणी चाखलं. गोड. गावातल्या विहिरी होळीपर्यंत आटतात, मग बाया दोन कोस जातात. पाटील म्हणाले, "तेवढा तलाव आमाला द्या, बाकी काय बी करा."
घरी नकाशा काढला. खड्डा गावाचा तलाव. चुऱ्यावर माती टाकून लिंब, बाभळी. उत्तरेला वडारांना घरजागा. अडचण एकच : त्या सपाटीवरचं पाणी खड्ड्यात उतरतं, वस्तीचं सांडपाणीही उतरेल. मधून एक चर काढला, सांडपाणी ओढ्याकडं वळवलं. सगळं बसलं! इतकी वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण आपल्या मोजणीतून कुणाला काही मिळेल असं कधी...

१४ फेब्रु.
अहवाल दिला. परतताना खदानीवर गेलो. यल्लव्वाला म्हणालो, "लिहिलंय मी. राहाल तुम्ही." बोलायला नको होतं. मंजुरीआधी बोलू नये हे मला काय नवं आहे?

२ मार्च
बसमधून दिसलं म्हणून उतरलो. झोपड्यांच्या पुढं दगडी भिंती, कमरेइतक्या आल्यात. माझ्या शब्दावर. यल्लव्वा म्हणाली, "जल्मभर दुसऱ्याच्या घराचा दगड फोडला. ह्यो पयला आमचा. दार कुनीकडं करू, सांगा." पूर्वेला, म्हणालो. लई खुश होतो. खोटं का लिहू.

११ मार्च
हुकूम आला. तलाव मंजूर. 'उत्तरेकडील सपाटीवरील पाणी खड्ड्यात उतरत असल्याने तेथील वस्ती हटवावी.' पहिला अर्धा माझा, शब्दन् शब्द. चराची ओळ कुठंच नाही. घरजागांचीही नाही.
साहेबांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "चराला वेगळी मंजुरी लागते. वस्ती हटवायला लागत नाही." मग, "या वेळी मराठी छान उतरलंय तुमचं."
नोटीस बजावायची मीच. मुदत वीस तारखेपर्यंत.

१२ मार्च
जेवण गेलं नाही. बायकोला, रझियाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच लिखे ना? तो तुमीच जाके बोलो. चपराशीकू नक्को भेजो."
वरच्या कचेरीला अर्ज लिहिला, चराचा नकाशा पुन्हा जोडला. साहेबांना डावलून. नोकरीचं होईल ते होईल. टपालात टाकला तेव्हाच कळलं, उत्तर येणार नाही.

१५ मार्च
गेलो. नोटीस खिशात. भिंती खांद्याला लागल्यात. त्यांनी चहा दिला, मी प्यालो. नोटीस खिशातच घेऊन परत आलो. भ्याड माणूस.

१७ मार्च
सांगितलं. माझ्या वाक्यासकट सगळं. अर्जाचंही. गड्यांनी घण खाली ठेवले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
यल्लव्वा म्हणाली, "आन गावाला पानी मिळंल?"
मिळेल, म्हटलं.
"मिळू द्या. लेकुरवाळ्या बाया हायत्या." तिनं भिंतीवर हात ठेवला. "तळ्याची पाळ बांधाया दगड लागंल, त्यो आमीच फोडनार. ह्या भिंती मोडाया बी आमालाच बोलिवताव का?"
नोटिशीवर अंगठा मागवेना. कागद तिच्यापुढं ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनंच त्यावर खडा ठेवला.

१९ मार्च
अर्जाचं उत्तर नाही. साहेब म्हणाले, उद्या पंच घेऊन जा, काम संपवून या.
कचेरीतून थेट खदानीवर. वाटलं होतं, सामान बांधत असतील. भिंत चालूच होती. यल्लव्वा वर बसून दगड बसवत होती. म्हटलं, "आता थांबवा. उद्या आम्ही येतोय."
"तुमचा अर्ज गेलाय न्हवं?"
"गेलाय."
"मग?"
अजून भरवसा, तोही माझ्यावर. अर्जातनं काही होणार नाही, हे तोंडातून निघालं नाही. तिनं हात खाली केला, माझ्या पायाशी पडलेला दगड मागितला. उचलून दिला.