दादाच्या पट्टीचं ठिगळ

२ फेब्रुवारी

पुन्हा उसवलं! चहाचा कप तोंडाला लावला आणि दादाचा फोन — "धाकटे, पट्टी मुकी झाली."

म्हणजे लॅपटॉपने अपडेट घेतलं, माझा पॅच, म्हणजे कोडचं ठिगळ, गेला वाहून. दादाला दिसत नाही. बाकीच्यांना पडदा, त्याला ती ब्रेलची पट्टी — तिच्यावर ठिपके वर येतात आणि तो बोटांनी वाचतो. पट्टी जुनी, बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. थोडा वेळ हात लावला नाही की झोपते, ती उठायचं नाव घेत नाही. अर्धा सेकंद थांबून तिला उठवणाऱ्या कोडच्या चाळीसेक ओळी मी लिहिल्यात, फक्त दादाच्या लॅपटॉपपुरत्या. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम उघडी आहे, आपल्या प्रतीत कुणीही हवं ते बदलावं. पण मूळ कोड पुढे सरकला की आपलं ठिगळ आपणच पुन्हा शिवत बसायचं. मी शिवतेय, वर्षानुवर्षं.

गेले, शिवून आले. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्याशिवाय यांचं पान हलत नाही हो!" ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

१९ फेब्रुवारी

ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेले होते आणि नेमकं तेव्हाच अपडेट. माझा फोन लागेना. दादा कॉलेजात इतिहास शिकवतो — टिपणांशिवाय वर्गावर गेला. "मारून नेली वेळ," हसत सांगत होता. मग एकदम गंभीर झाला.

"वाचायला मला डोळे लागत नाहीत. पण तू गावात असावी लागतेस. हे कसं गं?"

मग त्यानेच तोडगा काढला.

"ते ठिगळ मूळ कापडातच विणून टाक ना. सगळ्यांकडे जाईल, मग उसवायचं कशाला?"

२० फेब्रुवारी

टाक म्हणे विणून! कोड जगासमोर टांगायचा. मूळ कोडाच्या त्या भागाची राखण करणारा जो आहे (मी त्याला खडूस म्हणते) त्याने भल्याभल्यांची सालटी काढलेली मी वाचलीय.

२३ फेब्रुवारी

पाठवला एकदाचा खडूसला.

२४ फेब्रुवारी

आलं उत्तर. "अर्धा सेकंद थांबल्यावर ही पट्टी का उठते? ठाऊक नसेल तर हा उपाय नव्हे, नशीब आहे. आणि तपासलं कुणी? त्याचं नाव लिहा."

मेला! इतकी वर्षं चालतंय की! तणतणत दादाकडे गेले, त्याला वाचून दाखवलं. तो खो खो हसला. "बरोबर बोलतोय माणूस. का उठते गं?" मग म्हणाला, "तुझा कोड दे इकडे. मीच वाचतो." दिवसभर बोटं फिरवत होता त्याच्यावर. मधूनच हाक मारून विचारायचा — ही ओळ कशाला, ती कशाला. दोन ओळी कशाला, ते मलाही सांगता येईना!

२८ फेब्रुवारी

सापडलं! पट्टी आपणहून झोपतच नाही. वीज वाचवायला लॅपटॉप तिला झोपवतो. तिला झोपवू नकोस, एवढंच सांगायचं. बस्स.

आणि ते सांगायला मूळ कोडात आधीपासून जागा आहे! हट्टी यंत्रांची एक यादीच आहे तिथे, एका यंत्राला एक ओळ. कुणाचा कॅमेरा, कुणाचा जुनापुराणा प्रिंटर. कुठली ओळ कुणी आणि कशासाठी घातली, तेही शोधून वाचता येतं. एकाने लिहिलंय — आईला कमी ऐकू येतं, तिचा हेडफोन मध्येच बंद पडतो, म्हणून. मी वाचतच बसले. कोण कुठली माणसं! जो तो आपल्या माणसासाठी एक ओळ घालून गेलाय, आणि सगळ्या जगाचे संगणक त्या सांभाळतायत. आणि मी आपली कोपऱ्यात बसून चाळीस ओळींना टाके घालत होते.

दादाला सांगितलं. म्हणाला, "हेडफोनवालं पुन्हा वाच."

३ मार्च

चाळीस ओळींची एक ओळ झाली. कारण नीट लिहिलं. खाली "तपासणारा" म्हणून दादाचं नाव. पाठवण्याआधी त्याने आपल्या नावावरून दोनदा बोट फिरवलं.

५ मार्च

"घेतलं. धन्यवाद." — खडूस.

दोनच शब्द! बँकेत, कारखान्यात, बोटीवर, कुठल्या कुठल्या यंत्रात जाईल माझी ओळ. बहुतेक ठिकाणी नुसती पडून राहील, कुणाला पत्ताही लागणार नाही. काम करताना दिवसभर हसू येत होतं.

१७ मार्च

यादीतली माझी ओळ वाचून एका अनोळखी बाईचा मेल. तिच्याकडेही हीच पट्टी! तिचा भाचा दर अपडेटला अस्संच ठिगळ लावायचा. अर्धा सेकंद थांबणारं! म्हणजे मी इथे शिवत होते तेव्हा तो तिथे तेच शिवत होता. आम्हा दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

९ जून

नवं अपडेट. आमची ओळ आहे त्यात. दादाचा फोन नाही.

दुपारी राहवेना, मीच गेले. वहिनीने दार उघडलं. "आज काय बिघडलं, वन्सं?"

"काही नाही. सहजच."

दादा वाचत होता. "बस गं," म्हणाला, पण बोटं थांबली नाहीत. जीव भांड्यात पडला. घरी येताना मात्र थोडं रडू आलं. आता मला कोण बोलावणार?

२ ऑगस्ट

दादाचे भलतेच प्रश्न हल्ली. "पॅच पाठवताना मेलच्या विषयाच्या जागी काय लिहितात गं?" सांगितलं. इतिहासाच्या माणसाला काय करायचंय याच्याशी, देव जाणे.

४ सप्टेंबर

यादीत घालायला कुणीतरी नवी ओळ पाठवलीय — माझ्या ओळीच्या बरोब्बर खाली. दुसऱ्या जातीची पट्टी, पण खोड तीच. "माझा मित्र हिच्यावर वाचतो," असं कारण. खडूसचं उत्तर ठरलेलं — "पाठवणाऱ्याखेरीज तपासलं कुणी?"

पाठवणारा दादा.

आत्ताच त्याचा फोन येऊन गेला — "धाकटे, मित्र उद्या पट्टी घेऊन येतोय. तपासायला ये. तुझं नाव घालायचंय."