शहाणी

प्रिय धाकटे,

टिंबूला कधी आणून सोडू, असं तू विचारलंयस, आणि मी आपली गप्प. एरवी तुझ्या पत्राला उलट टपाली उत्तर देणारी मी, या खेपेला लिहायला बसते नि काहीतरी निमित्त काढून उठते. तुझी परदेशातली नोकरी, दोन वर्षांचा करार, सगळं ठाऊक आहे मला. आणि पोरीला माझ्याकडे ठेव म्हणून मीच हात धुऊन तुझ्या मागे लागले होते, तेही विसरलेले नाही. तुझे भावजी गेल्यापासून या घरात मी भांडं आपटलं तर तेवढाच आवाज होतो. तुझी लेक आली की घर पुन्हा घर होईल, असं मी कितीदा मनात घोळवलं असेल, ते माझं मलाच माहीत.

तिची खोली तर केव्हाच लावून ठेवलीय. आधी रस्त्याकडची द्यायची ठरवली होती, मग मागची दिली, कारण पुढच्या खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी दुपारी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. काळी, मऊ धूळ. साबणाने हात धुतला तरी नखांच्या कडेला राहतेच. तू आली होतीस तेव्हा वीजकेंद्राचं एकच धुराडं होतं आणि पुलाचं काम चालू होतं. आता पुलावर मालट्रक दिवसभर इंजिन चालू ठेवून उभे असतात. भर दुपारी इथे सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, डोळ्यांत पाणीसुद्धा येत नाही. वारा धुराड्याच्या बाजूने फिरला की गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक लागत जातात. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी बाहेर डोकावत नाही. मीसुद्धा उठून माझी लावते आणि पुन्हा भाजी चिरायला बसते.

टिंबू आली की माझ्याच वर्गात, दुसरीत बसणार, याची तुला केवढी हौस. म्हणून वर्गाचंच सांगते. परवा फळ्यावर गणित घालत होते, तर मागून एका बाप्याचा आवाज आला. कुणाचे तरी वडील न विचारता आत शिरले असं वाटून मी जरा घुश्श्यातच वळले. दारात कुणी नव्हतं. पहिल्या बाकावरचा आमचा शेंबड्या उभा होता, हातात पेन्सिल, आणि त्याच घोगऱ्या आवाजात शार्पनर मागत होता. वर्गात कुणी हसलं नाही. पूर्वी अशा आवाजावर पोरांनी शाळा डोक्यावर घेतली असती. शार्पनर दिलं, तर खाली बसून त्याने पुन्हा अंगठा तोंडात घातला.

मधल्या सुट्टीत तर मला मैदानावर जाववत नाही. पूर्वी त्या गोंगाटाने माझं डोकं उठायचं आणि मी शिपायाच्या नावाने खडे फोडायची, आठवतं का? आता घसरगुंडीवर धूळ साठते. मुली भिंतीला पाठ लावून रांगेत उभ्या असतात, हाताची घडी घालून, खांदे आत ओढून, सगळ्या अगदी एकसारख्या. बोलत नाहीत. आपल्याला काहीतरी झालंय आणि ते दुसऱ्याला दिसता कामा नये, एवढंच त्यांना कळलेलं असतं. पकडापकडीत लिंबूटिंबू म्हणून घ्यावं असं त्यांच्यात कुणी उरलेलंच नाही, आणि पकडापकडीही नाही. आया मात्र खूश. इथली पोरं बघा कशी भराभर वाढतात, असं फाटकापाशी एकमेकींना सांगतात. शिंपी त्यांची थट्टा करतो, म्हणतो, कापड बेतेपर्यंत पोर मापाबाहेर जातंय. सगळ्या हसतात. मीही हसत होते गं, खोटं कशाला बोलू.

मग माझ्या वर्गातली एक बोबडी पोर आली. पुढचा दात पडला म्हणून आठवडाभर ओठ वर करून सगळ्यांना खिंडार दाखवत फिरत होती. त्या दिवशी प्रार्थनेनंतर माझ्या पदराला धरून उभी राहिली, काही केल्या सोडेना. बाजूला नेलं तर फ्रॉकला डाग. मला वाटलं कुठे पडली, लागलं. तिने मान हलवली आणि माझ्या कानात विचारलं, बाई, आधी दात पडला, आता हे, अजून माझं काय काय पडणार आहे? धाकटे, मी तिला मांडीवर घेतलं. मांडीवर मावते गं ती अजून. काही पडणार नाही, असं म्हणत राहिले, आणि ती विश्वासाने माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तिच्या आईला घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या उगाच घाबरवणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणाल्या, खाणंपिणं असतं, वजन असतं, घराण्याचं असतं, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. पण हवेतली बारीक धूळ अंगात जाते आणि शरीराचं घड्याळ पुढे ढकलत असावी, अशी शंका अभ्यास करणाऱ्यांनाही आहे. मुलांकडे बघून मला तर ती येतेच, म्हणाल्या. निघताना मी सहज विचारलं, तुमची मुलगी हल्ली दिसत नाही ती? त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, आजीकडे ठेवलीय, लांब. मग पुढच्या पेशंटला हाक मारली.

आणि त्याच दिवशी घरी आले, तर तुझं पत्र दारात. चप्पल न काढता उघडलं. पहिलंच वाक्य, ताई, आपली टिंबू आता अगदी शहाणी झाली गं. इथे तो शब्द हल्ली जिन्यात, नळावर, वर्गाच्या दारात एकाच अर्थाने ऐकते मी. हलक्या आवाजात म्हणतात, हिची पण शहाणी झाली. मी तिथेच पायरीवर बसले. सात वर्षांची पोर, तीही इतक्या लांब, तिथेसुद्धा पोचलं का हे? तुला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. कितीतरी वेळाने पुढचं वाचलं. आपलं ताट आपण उचलते, वेणी घालताना रडत नाही, तुला काही म्हणजे काही त्रास देणार नाही. एवढंच होतं ते. मी वेड्यासारखी हसले, मग तिथेच बसून पोटभर रडले. शेजारीण दार किलकिलं करून बघून गेली.

तर ऐक, टिंबूला इकडे पाठवू नकोस. तिच्या आत्याला विचार, वसतिगृह बघ, नाहीच जमलं तर नोकरी सोड, पण इथे नको. मी तिकडे येऊन राहू का, हेही मनात आलं होतं, पण बोबडी रोज सकाळी माझा पदर धरायला येते आणि परवापासून आणखी एक यायला लागलीय. त्यांना टाकून मला हलता येत नाही. तू चिडशील, ताईने ऐन वेळी शब्द फिरवला म्हणशील. म्हण, मी ऐकून घेईन. टिंबूला मात्र हवेबिवेचं काही सांगू नकोस, घाबरेल. मावशीला वेळ नाही, एवढंच सांग. रुसेल, पाय आपटेल, मावशी वाईट आहे म्हणेल, आणि मग बाहेर कुणीतरी हाक मारली की खेळायला पळेल नि विसरून जाईल. विसरू दे गं तिला. रुसायचं आणि खेळता खेळता विसरायचं तिचं वय आहे, ते अजून तिच्याजवळ आहे.

तुझीच,
शब्दाला न जागलेली
ताई