आप्पासोंनी व्याज काही सांगितलं नाही

सांगली,
विसर्जनानंतरचा रविवार

आदरणीय दाजी,
जयराजचा तुम्हाला आणि आक्काला नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि वडूजला बाजरीपुरता तरी पाऊस झाला असेल, असं धरून चालतो. (फोन केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आणि दुकानातली सगळी मंडळी मला सल्ला देतात.) माझी तब्येत चांगली आहे. जेवण वेळेवर होतं.

घराचं कर्ज ठरलं. रेश्मा माघात गेली, त्याआधी तिने इसार देऊन ठेवलेलं, तेच घर. गावभागातल्या भाड्याच्या घरात दोनदा पुराच्या पाण्यामुळे संसार माळ्यावर चढवल्यापासून तिची एकच अट होती, कृष्णा दारात येता कामा नये. नव्या घराच्या मालकाने दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती, नाहीतर घर दुसऱ्याला. म्हणून आमच्या पाटबंधारे ऑफिसात निविदा तपासतो तसे मी तिन्ही कर्ज देणारे तपासले.

तुमच्या सांगण्यावरून आधी तुमचे मित्र आप्पासो यांच्या पतसंस्थेत गेलो. (कागद कमी हा फायदा. दोन जामीनदार लागतात आणि संस्थेचे शेअर घ्यावे लागतात हा तोटा. व्याज अजून कळलेलं नाही.) मला पाहताच आप्पासोंनी टोपी काढली आणि हात धरून बसवलं. मग "लय वाईट झालं" म्हणाले. रोखपाल, शिपाई, झाडलोट करणाऱ्या तानुबाई, सगळे येऊन भिंतीकडेने बसले. मी व्याज विचारलं तर आप्पासो डोळे पुसत म्हणाले, "आवं, आसल्या दुखात याज काय इचारता? पैसं न्या की!" मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी निघताना "येतो" म्हणालो, तर तानुबाईंनी दटावलं, "दुखवट्यातनं उठताना येतो म्हनू न्हाई, गप उठायचं." ऑफिस त्यांचं, दुखवटा माझा, मग हा नियम नेमका कुणी पाळायचा ते मला कळेना. मी गप उठलो.

नंतर घरकर्ज देणाऱ्या खाजगी कंपनीचे बिरदेव म्हणून एक गृहस्थ घरीच आले. मंजुरी झटपट, बोलणं गोड, आणि व्याज 'अमुक टक्क्यांपासून पुढे'. हे 'पुढे' माझ्यासाठी कुठे थांबतं ते मी कागदावर मांडायला लावलं. विमा आणि शुल्क धरून ते बँकेच्या बरंच वर थांबलं. माणूस सरळ होता. चहा संपवून म्हणाला, "साहेब, तुमी पगारदार. ज्येंच्याकडं पगाराची चिठ्ठी न्हाई त्येंच्यासाठी आमी हाय."

राहिली सरकारी बँक. (व्याज सगळ्यांत कमी, पण त्यांचा वकील घराची सात पिढ्यांची कुंडली काढतो. मला ते आवडलं.) तिथल्या अधिकारी बाई ओडिशाहून बदलून आलेल्या, मराठी जपून बोलतात. दर त्यांनी छापील कागदावरच हातात दिला. मग इसाराच्या पावतीवर रेश्माचं नाव पाहून विचारलं, "मॅडम सही को कब, म्हणजे, सहीला कधी येणार?" मी म्हणालो, "बघतो." झालं, फाईल मॅडमच्या सहीसाठी थांबली, आणि फाईल का थांबली हे विचारायला मीच रोज जात राहिलो. शेवटी एकदाचं सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या, शेजारच्या दोघांना खुणावलं, खुर्च्या सरकू लागल्या. आता हा प्रकार माझ्या ओळखीचा झाला होता. मी म्हणालो, "मॅडम, बसा. आधी माझी सही कुठं ते दाखवा."

मंजुरी आली. मालकाने इसार माझ्या नावावर धरला. पितृपंधरवडा संपला की खरेदीखत. पगारदाराने सरळ बँकेत जावं, कुणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांगा. आप्पासोंची समजूत मात्र तुम्हीच घाला.

तुमचा,
जयराज

ता. क. वास्तुशांतीचं भटजींना विचारलं. एकट्या माणसाने बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावून बसलं तरी चालतं म्हणाले. दाजी, कर्ज मी निभावेन, पण ती सुपारी मला जमणार नाही. पाटावर तुम्ही आणि आक्का बसा. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. आक्काला वाचून दाखवताना वरचा ता. क. गाळा. तिला म्हणावं, जयराजला पूजेतलं काही कळत नाही, म्हणून बोलावलंय.