कुंपणाला लागणाऱ्या फळ्यांचा माझा अंदाज

२ मार्च
शेजारच्या काकूंच्या शेळीने टोमॅटोची दोन रोपं खाल्ली. बायको रडकुंडीला आली. पोटच्या पोरांसारखी वाढवते ती रोपं. तिला म्हटलं, मी आहे ना! मागच्या अंगणाला लाकडी कुंपण, आठवड्याच्या आत. कुंपण म्हणजे नव्वद टक्के एस्टिमेट आणि दहा टक्के खिळे.

३ मार्च, सकाळ
बायकोने शिवणाची टेप पुढे केली. नाकारली. टेप कच्च्या माणसांसाठी. माझं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, कॉलेजपासून. अंगण भरलं चोपन्न पावलं.

संध्याकाळ
खात्रीसाठी पुन्हा मोजलं. एकाहत्तर. जमीन उन्हाने प्रसरण पावत असावी. मोठा आकडा धरला.
काकूंकडे तक्रार केली. म्हणाल्या, ती खात नाही हो, नुसता वास घेते.

५ मार्च
दिवसभर खुर्चीत बसून एस्टिमेट. तेवढ्यात आणखी एक रोप गेलं. बायको म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे, आधी ही एक हाका. वर विचारते, चौथ्या बाजूला आपलं घरच आहे, तिथे कुंपण कशाला? म्हटलं, घराचा काय भरवसा! वेस्टेज म्हणून सगळं दुप्पट केलं.

८ मार्च
वखारीत ऑर्डर दिली. वखारवाल्याने दोनदा विचारलं, किती घरं बांधताय? कौतुक वाटलं असावं.

९ मार्च
बायकोचा धीर सुटला. उरलेली रोपं कुंड्यांत लावून गच्चीवर नेली. गच्चीची वाट आमच्या स्वयंपाकघरातून, त्यामुळे शेळीची पंचाईत. पण नवऱ्यावर विश्वास नाही, याचं वाईट वाटलं.

१२ मार्च
ट्रक आला. मग दुसरा ट्रक. कुंपण घालायला अंगणच उरलं नाही. फळ्या घराच्या भिंतीला लावून रचून घेतल्या, थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत. कोसळू नयेत म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी. आयडिया माझी.

१३ मार्च
टोमॅटो संपले. कुंड्या आहेत. शेळी खाली उतरायला तयार नाही. काकू म्हणाल्या, वर हवा चांगली आहे तिला.
बायको भांडली असती तर बरं झालं असतं. रिकाम्या कुंड्यांपाशी नुसती बसून राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
जेवायला बसलो, तर ताटाशेजारी शिवणाची टेप. उचलली, एक पाऊल टाकलं आणि ते अंतर मोजलं. पावणेदोन फूट.
टेप उन्हाने प्रसरण पावली असेल का, हे बायकोला विचारायचा धीर झाला नाही.