सुदामचा चहा

प्रिय दादा,

सोमवारी तुझी कादंबरी प्रेसला जायची आहे, अन् माझ्याच्यानं तिची पानं क्रमानं लागंनात. म्हणून लिहितेय. नाहीतर मेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसणारी मी नव्हे, तुला माहीतच आहे. तुझ्यासोबत ते झेरॉक्सचं अनियतकालिक काढायचे ते शफीकभाई काल दुकानात आले. "दीदी, सोमवारतक फाईल होना मेरेकू," म्हणाले अन् डोळे पुसत निघून गेले. आता कुणाला विचारू? तुलाच विचारते. सुदाम चहा कधी पितो रे?

तू ती पानं पहिल्यांदा आणलीस तो दिवस आठवतो का? वाळूजच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट करून, ऑइलच्या हातांनी, थेट विद्यापीठ गेटसमोरच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात. कंपनीतल्या रद्द कागदांच्या पाठीवर लिहिलेली कादंबरी! एकाही पानाला नंबर नाही. विचारलं तर म्हणालास, "दिवसभर नंबरच टाकतो ना पार्टावर. इथं तरी नको."

मी लग्नपत्रिका अन् पोरांचे प्रबंध टाइप करणारी. मला काय कळणार तुझं? तुझा सुदाम चालू मशीन बंद करतो, कंपनीतून निघतो अन् गंगापूरच्या रस्त्यानं चालत सुटतो. भेटेल त्याला विचारतो, ह्या सगळ्याचा मतलब काय? जीपवाला उलट विचारतो, उतरायचं कुठं ते सांग. कापूस वेचणारी बाई म्हणते, आधी वेचू लाग, मग सांगते. अन् तिसऱ्याच प्रकरणात सुदाम मरतो! पुढं कुठंतरी हाच सुदाम टपरीवर बसून मजेत चहा पितो.

"दादा, हा मेला होता ना?"

"मेला होता की. मग? मेलेल्यानं चहा पिऊ नाय का?"

लई हसलो होतो आपण.

मग मी शहाणपणा केला. वाटलं, तुझा घोळ झालाय. ड्यूटी करून लिहितोस, पानं मागंपुढं झाली असतील, लोक हसतील माझ्या भावाला. सगळी प्रकरणं मी 'नीट' लावली. चालणं आधी, चहा मधे, मरण शेवटी. खाली ठळक अक्षरात टाकलं, समाप्त. जुन्या फाईलवरच सेव्ह केली. तुझी हातची पानंसुद्धा त्याच क्रमानं लावून टाचून ठेवली.

ते वाचून तुझा चेहराच उतरला. "बबे, मारलंस तू त्याला." एवढंच बोललास. माझं डोकं सणकलं. दोन महिने टायपिंग केलं होतं मी! म्हणाले, "मग तूच लाव. अन् आधी माणसासारखं लिहायला शिक. केस वाढवून, फुकट कागद वाटून कुणी लेखक होत नाय." का बोलले रे मी ते? सगळी गल्ली तेच बोलायची. घरातलं एक तरी माणूस तुझ्या बाजूनं नको होतं का?

तू चिडलासुद्धा नाहीस. "राहू दे," म्हणालास. "रविवारी बसू. मी सांगतो."

अन् शुक्रवारी कंपनीच्या बसमध्ये बसल्याबसल्या गेलास. नगर नाक्याला उतरायचास, उतरला नाहीस. सोबतच्यांना वाटलं, डोळा लागला असंल. असा कुठं रविवार चुकवतात का दादा!

तेव्हापासून ही पानं लावतेय. कागदांच्या पुढच्या बाजूच्या तारखा पाहिल्या, शाई पाहिली, तेलाचे डाग जुळवून पाहिले. काही म्हणजे काही लागत नाही. वेड लागायची पाळी आलीय. खरा क्रम तुझ्या डोक्यात होता अन् ह्या पानांत होता. पानांतला मी माझ्या हातानं मोडला. मतलब शोधायला निघालेला माणूस मेल्यावर चहा पितो, ह्याचा मतलब मी तेव्हाच विचारला असता तर? सांगितला असतास का मला? की नुसता हसला असतास?

आज सकाळी आईला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, पण तू लिहिलंय म्हणून भिंतीला टेकून कान देऊन ऐकत होती. सुदाम मेला. मी म्हटलं, "समाप्त."

"व्हय. अन् मग?"

"मग काय नाय आई. संपलं."

"असं कसं संपलं? पुढचं वाच की."

मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले अन् तोंडात पदर कोंबून रडले. तुझ्या कादंबरीतलं जे मला दोन महिन्यांत कळलं नाही, ते आईनं दोन शब्दांत विचारलं होतं.

काका म्हणतात, गेलेल्या माणसाला लावतात तसं तुझ्या नावाआधी 'कालकथित' लाव. नाही लावणार. तिसरं प्रकरण पुन्हा तिसरं करते, तेवढं मला पक्कं आठवतं. चहा सातव्यात होता की नवव्यात, ते नाही आठवत. माफ कर मला. म्हणून तो मरतो त्याच्या पुढच्याच पानावर त्याला चहा देते. ताटकळत नाही ठेवत. पानांना नंबर टाकणार नाही, अन् शेवटी समाप्त नसेल. शब्द देते तुला.

चुकत असंल तर ये अन् भांड माझ्याशी. ह्या रविवारी दुकान उघडं ठेवून बसते. दोन चहा सांगते.

तुझी,
बबी