बोरओढ्याच्या पुलाला मिळालेला ‘चांगला’

माकणी, ता. १७ मार्च १९८३

तीर्थरूप कोंडिबामामांस,

भाचा आबाराव याचा जयभीम. तुमचा गुडघा बेंबळीच्या कोरड्या हवेत तरी नरमला असेल अशी आशा धरतो. मामींना तुमच्या सूनबाईनं, केशरनं, जयभीम सांगितला आहे. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे ज्या अर्थानं बोरओढ्याचा पूल बरा आहे त्या अर्थानं.

तो पूल तुम्हाला आठवतोच. बहात्तरच्या दुष्काळी कामावर तिथं मुकादम तुम्हीच होता. लोहाऱ्याच्या मोठ्या रस्त्यावरच्या त्या पुलाच्या मधल्या खांबाला आता अशी चीर गेली आहे की हात मनगटापर्यंत आत जातो आणि मूठभर मुरूम घेऊन बाहेर येतो. एस.टी.चा ड्रायव्हर ईरण्णा पुलाअलीकडं सगळ्यांना उतरवतो, रिकामी गाडी पलीकडं नेतो, आणि माणसं कोरड्या ओढ्यातून चालत जाऊन पुन्हा गाडीत चढतात. शाळेला जाणारी आपली बना रोज दोनदा अशी उतरते आणि चढते. दुष्काळ आहे म्हणून ओढा वाट देतो. पाणी आलं की पोरीला गाडीत बसूनच पूल ओलांडावा लागेल.

मागच्या सोमवारी बांधकाम खात्याचे साहेब पूल तपासून त्याला दर्जा द्यायला येणार असं कळलं. मी सभा बोलावली. आसपास उंच जागा एकच, ती म्हणजे पुलाचा कठडा, म्हणून सभा पुलावरच घेतली (इथं तुम्ही कपाळाला हात लावला असेल, थोडा दम धरा). चारशे माणसं आली, दोन बैलगाड्या आल्या, उसाचा एक भरलेला ट्रक वाट मिळेना म्हणून मधोमध अडकला. मी सव्वा तास बोललो. रोमचे पूल दोन हजार वर्षं उभे आहेत, असं सांगितलं (ईरण्णानं नंतर विचारलं, “आबाराव, हे रोम कंच्या तालुक्यात?”). या खांबाच्या पोटात मुरूम कुणी भरला, हा सवाल अकरा वेळा केला आणि अकराही वेळा टाळ्या पडल्या. साहेब खाली ओढ्यात उभे राहून चिरीकडं बघत होते आणि भराभर लिहीत होते. माझ्या शब्दांनी सरकारची लेखणी चालते आहे, या समाधानात मी आणखी पाव तास बोललो.

अहवाल काल पंचायतीत आला. ‘चारशे माणसे, दोन बैलगाड्या व एक भरलेला ट्रक दीड तास उभे असता पूल हलला नाही. दर्जा चांगला.’

केशर म्हणाली, “सभा खाली वढ्यात घेतली असती तर काय बिघडलं असतं? तुमाला उंचावर चढायची लई हौस.” मी तिचं म्हणणं मान्य केलं. मामा, या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

तुमचा,
आबाराव

ता.क. दर्जा बदलायचा तर खांबाच्या पोटात काय आहे याचा लेखी जबाब लागतो, असं साहेब म्हणतात. तो तुम्ही लिहून द्यावा. खांब भरायचा होता त्या दिवशी दगडाची गाडी आली नाही, संध्याकाळी कामाचं माप भरल्याशिवाय बायांना खायला सुकडी मिळणार नव्हती, आणि तुम्ही म्हणालात, “टाका मुरूम, वरून दगड लावू.” एवढंच लिहा. त्या दिवशी सगळी जेवली, हेही लिहा.

आणखी एक. सभेत सवाल केला तेव्हा पुढं बसलेली म्हातारी गजराबाई हळूच म्हणाली, “टोपलं तर तुज्याच डोक्यावर हुतं की रं.” टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. जबाबात तुमच्या सहीखाली थोडी जागा सोडा. तिथं माझी सही येईल.