तुझं ते ‘बरं हाय’

प्रिय राजी,

‘प्रिय’ लिहिलंय खरं, पण त्यावर फार जाऊ नकोस. पंचमीला तू मुरुमला आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि तुझ्या ओढणीला धने-जिऱ्याचा वास आला, तेव्हापासून माझ्या पोटात जे जळतंय ते अजून विझलेलं नाही. आईनं वरणाला फोडणी दिली तरी मला तू आठवतेस आणि घास कडू होतो. फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोनवर तू लगेच हसण्यावारी नेतेस. म्हणून गुंडाप्पामामांच्या टेम्पोतून हे पत्र पाठवते आहे. नळदुर्गला तुझ्या खोलीवर ते आणून देतील.

ती जागा तुला मिळाली हे मला अजून पटत नाही. बी.एस्सी.ला केमिस्ट्रीत मी कायम तुझ्या पुढं होते. मसाल्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये एकच जागा निघाली आणि दोघींनी अर्ज केला, तेव्हा मी ती माझीच धरून चालले होते. कंपनीची वेबसाइट मी तोंडपाठ केली. रोज आरशासमोर उभी राहून ‘माय नेम इज’पासून सुरुवात करायचे, तर बाहेरून आप्पा विचारायचे, कोण आलंय गं घरात?

आणि तुझी तयारी काय, तर गौरामावशी! तुझ्या आईनं गल्लीतल्या निम्म्या पोरींच्या स्थळांची चौकशी केली, तशीच कंपनीचीही केली. तुला घेऊन गेटासमोरच्या धाब्यावर चहा पीत बसल्या आणि शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांना एकेकीला धरून विचारलं. पगार तारखेला होतो का, जेवायला नीट बसू देतात का, साहेब अंगावर ओरडतो का, बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का. तू हे सांगितलंस तेव्हा मी पोट धरून हसले होते. कंपनी काय तुला सून करून घेणार आहे का, असंही म्हणाले होते.

मग इंटरव्ह्यू. आमच्याविषयी काय माहिती आहे, असं साहेबांनी विचारलं आणि मी त्यांच्या पापडांचं कौतुक सुरू केलं. वेबसाइटवर फोटो होता ना. पापड कधीचेच बंद झालेत हे मला कोण सांगणार? साहेब म्हणाले, पापड आम्ही आता करत नाही, ठाऊक आहे ना, आणि मी घाबरून एका दमात ‘व्हय, हो, येस’ म्हणाले. तिन्ही. तू मात्र आत गेलीस आणि सरळ विचारलंस म्हणे, मिरचीच्या हंगामात बायकांना मास्क कमी पडतात, यंदा पुरतील का. त्यांनी तुझ्यासाठी चहा मागवला. हे सगळं तू मला येताना एसटीत सांगत होतीस आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तुला वाटलं, मला गाडी लागली.

आता तुझा फोन, की लॅबमध्ये दुसरी जागा निघाली आहे, शनिवारपर्यंत अर्ज कर. तिथं कसं आहे म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, ‘बरं हाय.’ आपल्याकडं सासरहून आलेली पोरगीही हेच म्हणते, सुखात असली तरी आणि नसली तरी. म्हणून तर गौरामावशी तिचं ऐकत नाहीत, नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत बसतात.

परवा मी स्वतःच चौकशीला आले. होय, नळदुर्गला, एकटी, तुला न सांगता. धाब्यावर चहा मागवताना आवाज जरा कापला, पण आरशासमोर कापायचा तेवढा नाही. पॅकिंगमधल्या नागूबाई म्हणून एक बाई भेटल्या, त्यांना मी न अडखळता सगळं विचारलं, कडीसुद्धा. पगार वेळेवर होतो, कडी आहे, मास्क मात्र यंदाही पुरले नाहीत. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तू बाहेर आलीस.

बाकीच्या बायका टमटममध्ये बसून गेल्या तरी तू गेटापाशीच उभी होतीस. ओढणीनं डोळे पुसत होतीस, थांबून परत पुसत होतीस. खोटं कशाला बोलू राजी, आधी मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हिचंही काही सगळं गोड नाही. मग तू फोन काढलास आणि माझ्या हातातला फोन वाजला. रस्त्याच्या अलीकडून मी विचारलं, कशी हायस. पलीकडं तुझ्या डोळ्याला ओढणी तशीच होती आणि तू म्हणालीस, ‘बरं हाय. लई बरं हाय. तू अर्ज कर.’ मधून ट्रक जात होते. पुढचा चहा मला पिता आला नाही.

तेवढं विचारायला हे पत्र. ती मिरची होती की तू रडत होतीस? खरं सांग, गौरामावशींची शपथ आहे. मिरची असेल तर मी अर्ज करणार नाही. तुझं सुख रोज शेजारच्या टेबलावरून बघायचं, एवढं मोठं मन माझं नाही. पण रडत असलीस, तर गुंडाप्पामामांच्या हातीच सांगावा धाड. शनिवारी अर्ज घेऊन मी स्वतः येते.

तुझीच,
जळकुटी निकिता